अंगातली लय आधी मोजा, मेट्रोनोम नंतर लावा

"घरी बरोबर बसतं, तालमाला (तबल्याचा ठेका वाजवणारं यंत्र) लावली की पळतं." तबला शिकणारा असो, पेटी शिकणारा असो की भजनी मंडळात टाळ धरणारा, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की हल्ली समोरच्यानं तोंड उघडण्याआधी मी त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघतो. अंगठा एका वेगानं हलत असतो आणि तोंडातून बोल दुसऱ्याच वेगानं येत असतात.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगानं टकटक करणारं ॲप, घ्यायचा आणि रोज अर्धा तास त्याच्याशी झटायचं. चार-सहा महिन्यांनी मेट्रोनोमबरोबर नीट बसायला लागतं. तो बंद केला की पहिले पाढे पंचावन्न.

गोम क्रमात आहे. प्रत्येकाच्या अंगात एक सवयीची चाल असते. काही काम नसताना बोटं टेबलावर ज्या वेगानं वाजतात, ती ही चाल. मी तिला सहज लय म्हणतो. गाण्याची लय आणि तुमची सहज लय यांत अंतर असेल, तर लक्ष जरा ढळलं की गाणं सहज लयीकडे ओढलं जातं. ज्याची सहज लय मिनिटाला १२० ठोके आहे तो ८०च्या लयीत पळतो, आणि ज्याची ८५ आहे तो १२०च्या लयीत मागे रेंगाळतो. दोघांना एकच मेट्रोनोम देऊन काय साधणार? गाडी कुठल्या बाजूला ओढते ते न बघता नुसतं स्टिअरिंग घट्ट धरून बसण्यातला हा प्रकार आहे.

खालची रीत दोन-तीन आठवड्यांत होते. टप्पे वर-खाली करू नका. विशेषतः तिसरा आणि चौथा यांची अदलाबदल केली की दोन्ही वाया जातात.

## आधीची तयारी

फोनमधलं स्टॉपवॉच, आवाज रेकॉर्ड करण्याची सोय, वही आणि पेन. मेट्रोनोम आणि तालमाला पाचव्या टप्प्यापर्यंत बंद.

मोजायची पद्धत आधी पक्की करा, कारण निम्म्या लोकांची वही इथेच चुकते. मिनिटाचे ठोके काढायला लोक १५ सेकंद मोजतात आणि ४ नं गुणतात. त्यात एक ठोका इकडे-तिकडे झाला की उत्तर ४ नं चुकतं. त्यापेक्षा ठोके ठरवा आणि वेळ मोजा. पहिल्या ठोक्याला घड्याळ सुरू करा आणि त्याला "शून्य" म्हणा, "एक" नाही. मग तीसपर्यंत मोजा आणि "तीस"ला घड्याळ थांबवा. १८०० ला आलेल्या सेकंदांनी भागा. १६.५ सेकंद लागले तर लय १०९. पहिल्या ठोक्याला "एक" म्हणालात तर मोजलेली अंतरं तीस नसून एकोणतीस असतात आणि लय कागदावर उगाच तीन-चारनं वाढते. मोजायच्या असतात त्या दोन ठोक्यांमधल्या जागा.

दुसरी गोष्ट, आकड्यापुढे नेहमी लिहा: "मात्रा" (ताल मोजायचं एकक) की "पायाचा ठोका". केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) कुणी मिनिटाला २०० मात्रा मोजतो, कुणी दोन मात्रांना एक म्हणून १००, कुणी चारला एक म्हणून ५०. तिघेही बरोबर असतात आणि तिघांच्या वह्या एकमेकांशी जुळत नाहीत. आपोआप लय सांगणारी ॲपही हीच गफलत करतात. ७०चं गाणं १४० दाखवतात, किंवा उलट.

इथे थांबा: जिने चढून आल्यावर, कडक कॉफीनंतर, अंगात ताप असताना किंवा कुणाशी भांडण झाल्यावर मोजू नका. या सगळ्यांत सहज लय चढते. झोपेतून उठल्या-उठल्याही नको, तेव्हा ती उतरलेली असते.

## टप्पा १ : हाताची सहज लय

१. पाठ टेकून बसा. दहा मिनिटं काही ऐकू नका. खोलीतला पंखा खटखट करत असेल तर दुसऱ्या खोलीत जा. हात नकळत पंख्याला साथ करायला लागतो आणि तुम्ही पंख्याची लय मोजून येता.

२. तळवा मांडीवर ठेवा आणि एका बोटानं ठोके द्या. ना सावकाश, ना भराभर. थांबावंसं वाटू नये आणि दमही लागू नये, एवढंच.

३. पहिले दहा-बारा ठोके सोडून द्या, मग वर सांगितल्याप्रमाणे मोजा.

४. दिवसातून दोनदा, सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी, असे तीन दिवस. सहा आकडे होतील.

मोठ्या माणसांत दोन ठोक्यांमधलं अंतर बहुधा अर्धा ते पाऊण सेकंद येतं, म्हणजे १२० ते ८०. तुमचं याबाहेर आलं तरी घाबरू नका, माणसामाणसांत फरक मोठा असतो. सहा आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधल्या दोघांच्या मधला धरा. सगळ्यांची सरासरी काढू नका, एखादा भलता आकडा तिला ओढतो.

या टप्प्यावर हमखास होणारी चूक म्हणजे मनात गाणं वाजत असणं. कालपासून डोक्यात घोळणारी एखादी चाल असेल तर बोट तिचीच लय देतं. तपासायचं असेल तर मोजून झाल्यावर लगेच स्वतःला विचारा, "आत्ता आत काय वाजत होतं?" उत्तर आलं की आकडा खोडा.

दुसरी चूक नाडीची. मनगटावर नाडी धरायची, ७२ मोजायची आणि तीच आपली लय म्हणायची, हे अनेकांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं. नाडी आणि सहज लय यांची अशी थेट गाठ बांधलेली नाही. रोज पळणाऱ्या माणसाची नाडी बसल्या जागी ५०च्या आसपास असते. त्याला ५०चीच गाणी आवडतात असं काही दिसत नाही. लय हात-पाय हलण्याच्या सवयीतून येते. नाडीचा उपयोग एवढाच की ती नेहमीपेक्षा चढलेली असेल तर त्या दिवशी मोजणं पुढे ढकला.

## टप्पा २ : पावलांची लय

सपाट रस्ता, पायात रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट, कानात काही नाही, बरोबर कुणी नाही. दोन माणसं गप्पा मारत चालली की पावलं आपसूक जुळतात, मग ती ना याची राहतात ना त्याची. शंभर पावलं चाला आणि वेळ लिहा. ६००० ला त्या सेकंदांनी भागा. ५४ सेकंद लागले तर १११. सहज चालीत बहुतेकांची पावलं ११० ते १२०च्या आसपास पडतात.

आता हात आणि पाय शेजारी लिहा. दोघांत दहाच्या आत फरक असेल तर तुमची ओढ एकाच जागी आणि जोरदार आहे. फरक मोठा असेल तर ओढी दोन. बसून गाता-वाजवताना हाताची चालते, उभं राहून पायाची. चालत भजन करणाऱ्यांत हे मी पाहिलं आहे. दिंडीत टाळ आणि पाऊल एकत्र पडतात आणि लय पहाडासारखी उभी असते. तेच लोक मुक्कामावर बसून तोच अभंग घेतात तेव्हा दुसऱ्या कडव्यापर्यंत लय भलतीकडे गेलेली असते. पायांनी धरलेली लय पाय दुमडल्यावर कुणाच्या हवाली केली, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

## टप्पा ३ : आवडीचा पट्टा

आवड आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्यांची खिचडी करतात. ओळखीचं गाणं मूळ लयीतच "बरोबर" वाटतं, कारण ते तसंच कानात बसलेलं असतं. त्यावरून तुमची आवड कळत नाही. म्हणून इथे कधीही न ऐकलेलं गाणं घ्या. भाषा कळत नसेल तर आणखी उत्तम.

१. ठेका स्पष्ट असलेलं अनोळखी गाणं यूट्यूबवर लावा आणि वेग पाऊणपट करा. अर्धा मिनिट ऐका.

२. मग थोडा थोडा वाढवत सव्वापटीपर्यंत न्या. दर वेळी वहीत एकच शब्द: "रेंगाळतं", "बरं", "धावतं".

३. दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं, आणि वेग उतरत्या क्रमानं. हे टाळू नका. चढत्या क्रमानं ऐकताना आधीच्या संथ वेगाची सवय झालेली असते आणि पुढचा प्रत्येक वेग आहे त्याहून जलद वाटतो.

४. शेवटी मूळ गाण्याची लय मोजून गुणाकार करा. मूळ ९६ आणि तुम्हाला "बरं" वाटलं ते सव्वापटीला, म्हणजे तुमची आवड १२०.

चार-पाच गाण्यांनंतर एक पट्टा दिसायला लागतो, समजा ९५ ते ११५. बऱ्याचदा हा पट्टा सहज लयीच्या आजूबाजूला किंवा तिच्या निमपटीत-दुपटीत पडतो. नाही पडला तर टप्पा १ पुन्हा करा. पंखा किंवा गाणं आडवं आलेलं असणार.

मूड बघून वेग ठरवू नका. उदास असताना संथ गाणं हवंसं वाटणं निराळं आणि अंगाला एखादी लय पेलणं निराळं. मी शिष्यांना विचारतो, "या लयीत अर्धा तास टाळ्या वाजवशील का?" उत्तर लगेच मिळतं.

## टप्पा ४ : आठवणीतली लय किती पक्की आहे?

इथे लोकांना धक्का बसतो, आणि तो सुखद असतो. १९९६ साली डॅनिएल लेव्हिटिन आणि पेरी कुक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साध्या लोकांना त्यांची आवडती पॉप गाणी नुसती आठवून गायला सांगितली होती. ७२ टक्के वेळा त्यांची लय मूळ रेकॉर्डच्या ८ टक्के आत होती. मूळ १०० असेल तर ९२ ते १०८. हातात काही नाही, कानात काही नाही. म्हणजे "मला लय लक्षातच राहत नाही" हे बहुतेकांच्या बाबतीत खरं नसतं. राहते, पण गायला लागल्यावर अंग तिला सहज लयीकडे ओढतं.

गाणी निवडताना एकच अट: ज्याची एकच रेकॉर्ड आहे आणि ती तुम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. गणपतीची आरती अजिबात चालणार नाही. ती घरोघरी वेगळ्या लयीत होते, आणि त्याच घरातसुद्धा पहिल्या आरतीला जी लय असते ती कापूर लावेपर्यंत दीडपट झालेली असते. त्यातली कुठली आठवणार?

१. तीन गाणी ठरवा: एक संथ, एक मधलं, एक जलद. ठरवल्यापासून निदान एक दिवस ती ऐकायची नाहीत.

२. थंड डोक्यानं बसा. पहिली ओळ मनात एकदा म्हणा, मग रेकॉर्डिंग सुरू करून दोन ओळी गा. गळा चांगला नसला तरी चालेल. हात बांधून ठेवा, ठोके देऊ नका.

३. दोन गाण्यांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आधीच्या गाण्याची लय पुढच्यात झिरपते.

४. तिन्ही झाल्यावरच मूळ रेकॉर्ड लावा आणि दोन्हींची लय मोजा. फरकाला मूळ लयीनं भागून १०० नं गुणा.

आता निकाल वाचायचा. तिन्ही एकाच दिशेला गेली असतील तर त्या दिवशी तुम्ही चढलेले किंवा उतरलेले होतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. कशातच मेळ नसेल तर गाणीच नीट ऐकलेली नाहीत. पण संथ गाणं वर सरकलं असेल, जलद खाली आलं असेल आणि मधलं जागेवर असेल, तर मधल्या गाण्याचा आकडा टप्पा १ शी ताडून बघा. तोच असेल. तुमची ओढ तुम्हाला रंगेहाथ सापडली.

राष्ट्रगीतावरही पडताळा घेता येतो. पूर्ण राष्ट्रगीत गायला सुमारे ५२ सेकंद लागावेत असं सरकारी नियमांतच आहे. घड्याळाकडे न बघता, सरळ उभं राहून गा आणि वेळ दुसऱ्या कुणाला लावायला सांगा. शाळेच्या मैदानावर शिकलेले आपण बरेच जण मिनिटापर्यंत जातो.

तपासणी: मूळ रेकॉर्डच बरोबर वेगात आहे ना? जुन्या कॅसेटवरून चढवलेली गाणी पुष्कळदा थोडी जलद किंवा संथ असतात. पेटी काढा. मूळ गाणं काळी एकचं आहे हे माहीत असताना समोरची प्रत पांढरी दोनला जुळली, तर ती अर्धा स्वर चढली आहे आणि लयही सुमारे ६ टक्के वाढली आहे. फोनवर वेग बदलला तर मात्र स्वर तसाच राहतो, तेव्हा टप्पा ३ नंतर वेग परत मूळ जागी आणला का ते बघा. मी स्वतः एकदा सव्वापटीवर ठेवलेल्या गाण्याशी तुलना करून अख्ख्या वर्गाला "तुम्ही सगळे रेंगाळता" म्हणून मोकळा झालो होतो.

## टप्पा ५ : ओढ मोजणं

आता तालमाला काढा. फोनवरचा तबला असेल तरी चालेल. त्रिताल, लय ८०. १६ मात्रांना बरोबर १२ सेकंद.

दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) मशीनबरोबर हातानं ताली-खाली (टाळी आणि मोकळा हात) द्या आणि तालाचे बोल म्हणा. तिसऱ्या आवर्तनाच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, आवाज पूर्ण बंद करा, पण मशीन थांबवू नका. बंद आवाजात दोन आवर्तनं पढंत (हातानं ताल देत बोल म्हणणं) चालू ठेवा. पाचव्याच्या समेला, म्हणजे तुमच्या समेला, आवाज वाढवा आणि मशीन कुठल्या मात्रेवर आहे ते लिहा.

मशीन पंधराव्या मात्रेवर सापडलं तर दोन आवर्तनांत, ३२ मात्रांत, तुम्ही दोन मात्रा पुढे गेलात. म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास पळालात. मशीन दुसरी-तिसरी मात्रा म्हणत असेल तर तुम्ही मागे राहिलात. हेच ६०, १००, १२० आणि १४० ला करा. वहीत पाच ओळी होतील आणि त्यात कुठेतरी एक लय अशी सापडेल की जिच्या खालच्या लयीत तुम्ही पळता आणि वरच्या लयीत मागे पडता. मघाचाच आकडा पुन्हा भेटतो. हे स्वतःच्या वहीत दिसल्याशिवाय पटत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

एक खबरदारी. आवाज बंद असताना स्क्रीनकडे बघू नका. बऱ्याच ॲपमध्ये मात्रेचा दिवा लुकलुकत असतो. "मला तर शंभर टक्के जमलं" म्हणणाऱ्यांची मान कुठे वळली होती ते विचारा.

## टप्पा ६ : टेकू लावणं

आता कुठे सुधारणा. हवी ती लय मनातून थेट काढायची सवय लागेपर्यंत अंगाला आधीच ठाऊक असलेल्या लयींचा आधार घ्यायचा.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा म्हणजे ६०. एनसीसी केलेल्यांना "तेज चल"ची लय जन्मभर अंगात राहते, ती मिनिटाला १२० पावलांच्या आसपास. स्वतःची चाल टप्पा २ मध्ये मोजलेलीच आहे. ज्यांनी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे त्यांना छातीवर दाब देण्याचा वेग शिकवलेला असतो, मिनिटाला १०० ते १२०. तो लक्षात राहावा म्हणून प्रशिक्षक त्या लयीतलं एखादं गाणं मनात म्हणायला लावतात. घाबरगुंडी उडालेली असताना आकडा आठवत नाही, गाणं आठवतं. आपल्याला नेमकं तेच करायचं आहे.

६०, ७०, ८० असं दर दहाला तुमच्या ओळखीचं एक गाणं शोधा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहा. टप्पा ४ मध्ये जी गाणी तीन-चार टक्क्यांच्या आत आली तीच घ्या. बाकीची कितीही आवडती असली तरी टेकू म्हणून पोकळ आहेत. मग एखादी बंदिश ७० ला घ्यायची असेल तर आधी ७०च्या गाण्याची एक ओळ मनात म्हणा, तिच्यावर बोट सुरू करा आणि बोट न थांबवता बंदिशीवर या.

हाताची हालचाल हा दुसरा टेकू, आणि याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण क्लासात हे क्वचितच कुणी सांगतं. संथ लयीत लोक टाळी देतात आणि हात तिथेच ठेवून पुढच्या मात्रेची वाट बघतात. थांबलेल्या हाताला किती वेळ झाला हे कळत नाही. तो अंदाजानं उठतो, आणि अंदाज सहज लयीचा असतो. हात थांबवू नका. मांडीवरून उचला, छातीपर्यंत न्या, परत आणा, सबंध मात्राभर तो प्रवासात असू द्या. लय संथ तर प्रवास लांब, लय जलद तर आखूड, आणि हाताचा वेग साधारण तोच. दोन आठवड्यांनी ८० म्हटलं की हात नेमका किती उंच जायचा ते त्याचं त्यालाच कळतं. झोपाळ्यावर बसलेला माणूस झोका मोजत नाही, तसं.

आठवडाभर रोज दहा मिनिटं: टेकूवरून लय काढा, मशीननं पडताळा, दोन आवर्तनं आवाज बंद करून धरा. तुमच्या सहज लयीपासून सर्वांत दूर असलेल्या लयीला जास्त वेळ द्या. जवळच्या लयी आपोआप सांभाळल्या जातात, आणि नेमका त्यांचाच रियाज करायला आपल्याला आवडतं.

## टप्पा ७ : विलंबित आणि द्रुत

दोन ठोक्यांमध्ये दीड-दोन सेकंदांहून जास्त जागा पडली की त्यांना जोडणारी लय अंगाला जाणवेनाशी होते. प्रत्येक ठोका सुटा वाटतो. विलंबित म्हणजे अतिसंथ लय. बारा मात्रांच्या विलंबित एकतालात मिनिटाला १५ मात्रा असतील तर एक मात्रा चार सेकंदांची आणि आवर्तन ४८ सेकंदांचं. हे कुणालाच नुसतं "जाणवत" नाही. तबलजी मधल्या जागेत तिरकिटसारखे बोल भरतो, गवई आत चार किंवा आठ मोजत असतो. १५ गुणिले ४ म्हणजे ६०, गुणिले ८ म्हणजे १२०.

द्रुतात, म्हणजे जलद लयीत, उलटं. मिनिटाला ४०० मात्रांच्या त्रितालात दर मात्रेला पाय कोण आपटणार? चार मात्रांना एक धरला की १००. बघा, दोन्ही टोकांना गेलं तरी आत धरायची लय त्याच ६० ते १२०च्या घरात परत येते. आता तुमचा आकडा वापरा. विलंबिताची मात्रा कितीत फोडायची आणि द्रुताच्या किती मात्रा एका ठोक्यात बांधायच्या, हे असं निवडा की आतली लय तुमच्या सहज लयीच्या जवळ पडेल. ज्याची सहज लय ११५ आहे त्यानं वरचा विलंबित आठात फोडावा. ज्याची ७५ आहे त्याला चारातच बरं पडेल. दोघं एकाच गुरूकडे शिकत असले तरी.

मधेच फोड बदलू नका. मुखड्यापर्यंत (रचनेच्या सुरुवातीच्या ओळीपर्यंत) चारात आणि पुढे आठात, असं झालं की जोडाच्या जागी लय हटकून सरकते.

## टप्पा ८ : परीक्षेच्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी

अंग चढलेलं असताना बरोबर लयसुद्धा संथ वाटते. मंचावर तुम्हाला "आज तबलजी बसलाय" असं वाटतं आणि तुम्ही लय वाढवायला सांगता. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळतं की तो बरोबर होता. म्हणून त्या दिवशी "वाटण्या"वर विश्वास नाही. टेकूचं गाणं मनात म्हणा आणि त्यावर जे येईल तेच द्या, कितीही रटाळ वाटलं तरी.

लय ठरवताना मुखडा आठवू नका, रचनेतली सर्वांत दाट जागा आठवा. जिथे शब्द किंवा बोल सगळ्यांत गर्दीनं येतात ती ओळ मनात स्वच्छ म्हणून बघा, आणि ती ज्या लयीत नीट उच्चारता येते तीच लय सुरुवातीला द्या. विशारदच्या परीक्षेला बसणारी मुलं ठाय (मात्रेला एक बोल) उत्साहात ९०ला धरतात आणि चौगुनीला (मात्रेला चार बोल) जीभ अडखळते. हिशोब साधा आहे: ठाय ९० तर चौगुनीत मिनिटाला ३६० बोल, सेकंदाला सहा. ठाय ६० तर सेकंदाला चार. चौगुन आधी मनात म्हणा, मग तिच्यावरून ठाय काढा. उलट कधीही नाही.

साथीदाराला लय देताना हात आणि तोंड एकच लय सांगताहेत ना? पुष्कळ गायक चुटकी एका वेगानं वाजवतात आणि मुखडा दुसऱ्याच वेगात उचलतात. चुटकी असते सहज लयीची, मुखडा असतो आठवणीतला. तबलजी बिचारा दोहोंच्या मधलं काहीतरी धरतो आणि बोलणी खातो. लय गाऊनच द्या, चुटकी वाजवू नका.

## मुलं, आजी-आजोबा आणि जोडीदार

लहान मुलांची सहज लय मोठ्यांपेक्षा बरीच जलद असते. पाच-सहा वर्षांचं मूल १४०-१५० सहज देतं. त्याला ६०ला धिम्या लयीत बसवणं म्हणजे पहिल्याच दिवशी सर्वांत अवघड काम देणं. त्याच्या लयीत सुरू करा, मग दर आठवड्याला थोडं उतरवा. वय वाढेल तशी सहज लय उतरते आणि साठीनंतर ती नव्वदच्या आसपास किंवा त्याखाली येऊ शकते. चाळिशीत बसवलेली गाणी सत्तरीत "हल्ली सगळे भरधाव वाजवतात" अशी वाटायला लागतात, त्याचं एक कारण हेही. दोन-तीन वर्षांनी टप्पा १ पुन्हा करा आणि आकडा तारखेसह लिहा.

जोडीनं वाजवणाऱ्यांनी एकमेकांचे आकडे जरूर विचारावेत. सहज लय जवळची असली की जोडी चटकन जुळते. माझ्याकडे दोन विद्यार्थी होते, एक ८४, एक १२२. वर्षभर एकमेकांना "तू ओढतोस", "तू पळतोस" म्हणत राहिले. आकडे समोर ठेवल्यावर एक व्यवस्था केली: विलंबितात लय धरायची जबाबदारी पहिल्याची, द्रुतात दुसऱ्याची, आणि ज्याची पाळी नाही त्यानं वाद न घालता मागे जायचं. भांडण अजून होतं, पण आता ते मध्यलयीपुरतं उरलं आहे.